शाई भरा, मगच संग्रह म्हणा

मनमाडकरांनो, एक विनंती आहे. जमेल त्या महिन्यात थोडे पैसे बाजूला काढा, हाताने घडवलेलं एबोनाइटचं एक शाईपेन विकत घ्या आणि त्याने रोज लिहा. दुकानाच्या हिशोबाची वही असो, वर्गातलं टाचण असो, ड्यूटीची डायरी असो किंवा मुलीला लिहिलेलं पत्र, काहीही चालेल. काचेच्या कपाटात ठेवायला मात्र घेऊ नका. पाहुण्यांना दाखवायला घेऊ नका, आणि पुढे भाव वाढेल या आशेने तर मुळीच घेऊ नका. ज्याला पेनांचा संग्रह करायचा आहे त्यालाही माझं हेच सांगणं आहे. शाई न भरलेली शंभर पेनं जमवण्यापेक्षा शाई भरलेली चार जवळ असणं केव्हाही चांगलं.

एबोनाइट हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. विज्ञानाच्या तासाला सर काळी कांडी लोकरी कापडावर घासायचे आणि कागदाचे कपटे तिला येऊन चिकटायचे. ती कांडी एबोनाइटची. झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरात भरपूर गंधक मिसळून ते तासन् तास तापवलं की जो कडक, काळसर, चकाकी घेणारा पदार्थ तयार होतो, तो हाच. गाडीच्या टायरच्या रबरात गंधक शंभराला दोन-तीन भाग असतं, इथे ते तीस भागांच्या आसपास जातं, आणि त्यामुळे रबर लाकडासारखं कापता, कातता येतं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची युक्ती शोधली आणि त्याच्या भावाने, नेल्सनने, १८५१ मध्ये या कडक रबराचं पेटंट घेतलं. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसणारे भाग आजही एबोनाइटचे बनतात. ओठांना ते गार लागत नाही आणि ओलाव्याने फुगत नाही. जर्मनी आणि जपानमध्ये एबोनाइटचे दांडे तयार करणारे जुने कारखाने अजून चालू आहेत.

पेनासाठी हा पदार्थ का निवडला गेला, ते हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. धातूचं पेन थंडीत बोटांना झोंबतं, प्लॅस्टिकचं घामाने निसरडं होतं. एबोनाइट पहिल्या मिनिटापासून अंगाच्या उबेशी जमवून घेतं. ते हलकं असतं, पण पोकळ वाटत नाही. बोटांनी जरा जोरात चोळलं तर रबर-गंधकाचा मंद वास येतो, आणि पेन खरोखर एबोनाइटचं आहे की काळ्या प्लॅस्टिकचं, हे ओळखायची सोपी खूण तीच. निबेखाली जी जीभ बसवलेली असते तीही एबोनाइटची असेल तर उत्तम. एबोनाइटच्या पृष्ठभागावर शाई चांगली पसरते, धरून राहते आणि सारख्या धारेने निबेला मिळत राहते. प्लॅस्टिकच्या जिभेवर शाई थेंब धरून बसते, मग आपण पेन झटकतो आणि शेजाऱ्याच्या सदऱ्यावर ठिपके उडतात.

आता ही परदेशातून आलेली चैन आहे, आपला तिच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो वर्ध्यामार्गे आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम हे सोनारकामात हात बसलेले कारागीर. रोजच्या वापरातली एखादी स्वदेशी वस्तू बनवा, असं गांधीजींनी त्यांना सुचवलं आणि त्यांनी पेन बनवायला घेतलं. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालू लागलं. संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते रत्नम यांचं पेन गांधीजींकडे पोचलं. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहिलं. पेन आपण वापरून पाहिलं आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं, अशा अर्थाचा त्यातला मजकूर आहे. गांधीजींनी नुसतं कौतुक करून पेन ठेवून दिलं नाही, त्यांनी त्याने लिहून पाहिलं आणि मग मत दिलं. पेनाची पारख अशीच करायची असते. राजमहेंद्रीत ही पेनं आजही हाताने बनतात. आपल्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी समुद्राला मिळण्याआधी त्याच गावावरून जाते.

मनमाडच्या माणसाला तर या बाबतीत तक्रारीला जागाच नाही. आपण जंक्शनवर राहतो. पंचवटीने मुंबई गाठली की तिथे एअरमेल कंपनी आहे. वॉलिटी हे नाव जुन्या पिढीने शाळेच्या दप्तरात पाहिलेलं आहे, ते त्यांचंच, आणि त्यांची एबोनाइटची पेनंही मिळतात. दौंडमार्गे पुण्याला गेलात तर तिथे फॉस्फर या नावाने लेथवर एकेक पेन घडवलं जातं. अजिंठा एक्सप्रेस आपल्याला हैदराबाद-सिकंदराबादशी जोडते. तिथे डेक्कन पेनचं जुनं दुकान आहे आणि त्यांची जाडजूड काळी एबोनाइटची पेनं वकील आणि डॉक्टर मंडळींनी वर्षानुवर्षं वापरली आहेत. तिथून पुढे राजमहेंद्रीला रत्नम आणि गायडर. चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरला रंगा पेन्स. यांतल्या बऱ्याच जणांकडून पेन पार्सलने मागवता येतं. तरी माझा सल्ला असा की लग्नाला, दवाखान्याला किंवा देवदर्शनाला त्या गावी जाणं झालंच तर तासभर वाकडी वाट करा आणि समोर बसून पेन घ्या. बनवणारा माणूस तुमचा हात बघतो. तुम्ही पेन कसं धरता, किती दाब देता, निब कुठे कलंडते, हे त्याला दोन ओळींत कळतं. निबेचं टोक तो तिथल्या तिथे तुमच्या हातासाठी जुळवून देऊ शकतो. पार्सलच्या खोक्यातून ही गोष्ट येत नाही.

घेताना घाई करू नका. सर्वांत महाग ते सर्वांत चांगलं, ही समजूत इथे चालत नाही. हाताने बनवलेलं साधं काळं एबोनाइट पेन काहीशे रुपयांपासून मिळू शकतं. किंमत वाढते ती लहरींच्या रंगीत दांड्यासाठी, परदेशी निबेसाठी किंवा मोठ्या आकारासाठी. पहिलं पेन मध्यम जाडीचं आणि साध्या रंगाचं घ्या. काहींना गुळगुळीत चकाकी आवडते, काहींना हाताला धरून राहणारी खरखरीत ‘बकुल’ फिनिश. उन्हाळ्यात हाताला घाम येणाऱ्यांनी दुसरी निवडावी.

पेन हातात आलं की आधी टोपण काढून लावून बघा. आटे अडकत नाहीत ना, टोपण सरळ बसतं ना, बंद केल्यावर डुगडुगत नाही ना? मग पुढचा पकडीचा भाग फिरवून उघडा आणि आतले आटे नखाने तपासा. आटे तुटक असतील तर पेन परत करा, कारण शाई गळते ती बहुतेक वेळा तिथूनच. निब उजेडाकडे धरा. दोन पाकळ्या टोकाशी एकमेकींना सारख्या टेकलेल्या दिसल्या पाहिजेत. एक वर, एक खाली असेल तर कागद खरवडला जाणार. शेवटी पाण्यात किंवा शाईत निब बुडवून ‘मनमाड’ लिहून बघा. त्यात आडव्या, उभ्या, गोल अशा सगळ्या रेघा येतात.

भरायची पद्धत दोन प्रकारची. काही पेनांत शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर बसतो. तो सोयीचा आहे, पण त्यात एक मिलीलिटरही शाई मावत नाही. दुसरी पद्धत आपली जुनी, ड्रॉपरची. पकडीचा भाग काढायचा, नळी उभी धरायची आणि ड्रॉपरने शाई सोडत जायची. आट्यांच्या खाली बोटाच्या पेराइतकी जागा मोकळी ठेवायची. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नका, ती पेट्रोलियमची असतात आणि रबराशी त्यांचं जमत नाही. मग भाग घट्ट बसवायचा, पण जोर लावायचा नाही. टीपकागदावर निब क्षणभर टेकवली की शाई खाली आलेली दिसते. अशा पेनात दोन-तीन मिलीलिटर शाई सहज राहते, म्हणजे साठ मिलीलिटरच्या एका दौतीत वीस ते तीस भरणी होतात. बॉलपेनच्या रिकाम्या नळ्या आणि तुटकी पेनं कचऱ्यात किती जातात, याचा हिशोब घरातल्या मुलांना करायला सांगा. आकडे त्यांचे त्यांना बोलतील.

ड्रॉपरच्या पेनाची एक खोड आधीच सांगतो. शाई पाव भागाच्या खाली गेली की आत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि निबेतून शाईचा ठिपका बाहेर ढकलते. एबोनाइट उष्णता हळू पुढे देतं म्हणून त्यात हे कमी होतं, पण होतं. म्हणून शाई तळाला जायची वाट बघू नका, आधीच भरा. गाडीने प्रवास करताना पेन खिशात निब वर करून ठेवा आणि भरलेलं असेल तर पूर्ण भरलेलं ठेवा. पंचवटीने रोज नाशिकला जाणाऱ्या नोकरदारांनी हे एवढं पाळलं तरी सदरे वाचतील.

शाई कोणती? दौतीवर फाउंटन पेनची शाई असं लिहिलेलं असेल तीच. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत सुरू केलेल्या उद्योगातली कॅमलची शाई महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि रोजच्या कामाला उत्तम आहे. कोलकात्याची सुलेखाही चांगली. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई मात्र चुकूनही भरू नका. शेजारशेजारच्या बाटल्यांमुळे ही गफलत होते, आणि ती शाई आत सुकली की जीभ कायमची बंद पडते. चेक, करारनामा, सरकारी अर्ज यांसाठी पाण्याने न पुसली जाणारी शाई लागते, तेव्हा साध्या निळ्या शाईने त्यांवर सही करू नका. आणि कागदाचंही बघा. शाई फुटते म्हणून लोक पेनाला दोष देतात, पण बरेचदा दोष वहीच्या पातळ, भुसभुशीत कागदाचा असतो.

सांभाळण्याच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या पाळायलाच हव्यात. एबोनाइटला ऊन सोसत नाही. काळं पेन उन्हात राहिलं की मळकट हिरवं-तपकिरी पडतं, आणि तो रंग वरवरच्या पुसण्याने जात नाही. मनमाडच्या एप्रिल-मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या टपरीत पेन ठेवणं म्हणजे ते वाकवायला देणं. गरम पाणी नको, स्पिरिट नको, आणि रात्रभर भिजत ठेवणं तर नकोच. चांदीच्या वस्तूंसोबत एकाच डबीत ठेवू नका, एबोनाइटमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा, किंवा शाई बदलताना, निब आणि जीभ धुवायची. आपण नळाच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट पाहिलेली माणसं, वागदर्डीच्या धरणात किती साठा उरला हे वर्तमानपत्रात आधी बघणारी. तेव्हा पाणी वाया जाईल अशी भीती नको. वाटीभर साधं पाणी पुरतं. ड्रॉपरने ते निबेतून दोन-चारदा ढकलायचं, मऊ सुती फडक्यावर निब टेकवून ओल शोषून घ्यायची आणि नळी सावलीत वाळवायची. बाहेरून पेन पुसायला जुन्या धोतराचं किंवा मलमलचं फडकं सगळ्यांत चांगलं. रोज हातात फिरणाऱ्या पेनाला तर तेवढीही गरज पडत नाही, हाताने त्याला आपसूक झळाळी राहते.

आता संग्रहाचं. हा नाद लागला की आवरत नाही, हे मला ठाऊक आहे. हिरव्या-काळ्या लहरींचं एक, तपकिरी-काळ्या लहरींचं एक, मग जाड निबेचं, मग बारीक निबेचं. यात वाईट काही नाही. फक्त एक नियम स्वतःला घालून घ्या: जितकी पेनं महिनाभरात शाई भरून वापरता येतील तितकीच जवळ ठेवायची. माझ्या मते तीन ते पाच पुष्कळ झाली. एक हिशोबाला, एक पत्राला, एक तपासणीच्या लाल किंवा हिरव्या शाईला. सहावं आलं तर पहिल्यातलं एखादं कुणाला तरी वापरायला द्यावं. इंटरनेटवर ‘दुर्मीळ’, ‘जुना साठा’ असे शब्द लावून साध्या पेनांना पाचपट भाव सांगितला जातो. त्या पैशात हयात असलेल्या कारागिराकडून दोन नवी पेनं येतात आणि त्याच्या घरात चूल पेटते. जुन्यापेक्षा नवं घ्या असा माझा आग्रह आहे तो याचसाठी. दांडे कापणारे आणि आटे पाडणारे हात थोडे उरलेत, आणि त्यांना काम मिळालं तरच पुढची पोरं त्यात येतील.

घरात जुनी पेनं असतील तर ती मात्र बाहेर काढा. रेल्वेत नोकरी केलेल्या, शिक्षक असलेल्या आजोबांच्या ट्रंकेत बहुधा एखादं असतंच. टोपण निघत नसेल तर पक्कड लावू नका, जुनं एबोनाइट ठिसूळ होतं आणि तडकतं. साधं पाणी लावलेलं फडकं आट्यांच्या जागी अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि हळू फिरवून बघा. नाही निघालं तर पेन दुरुस्त करणाऱ्याकडे जा. रंग गेला असेल तर घासून नवा करायचा हट्ट धरू नका. त्याचं काम लिहिणं आहे, आणि नवी निब बसवली तर ते अजून वीस वर्षं लिहील.

या गावाला पेनाची आठवण ठेवायला आणखी एक कारण आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही त्यांची मांडणी इथलीच. बाबासाहेबांना पुस्तकांइतकाच पेनांचा लळा होता, आणि ती पेनं लिहून लिहून झिजवण्यासाठी होती. आज १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला फुलं-हारांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याचं आवाहन महाराष्ट्रभर केलं जातं आणि ते साहित्य गरजू मुलांपर्यंत जातं. त्या दिवशी जमेल त्यांनी बॉलपेनच्या पाकिटाबरोबर एखादं साधं शाईपेन आणि एक दौतही द्यावी, असं मला मनापासून वाटतं. महागडं नको, एबोनाइटचंही नको, शाळेतल्या पोराच्या हातून पडलं तरी चालेल असं. सोबत एखाद्या थोरल्याने त्याला शाई भरून दाखवायला हवी. नुसतं पेन दिलं तर पहिल्याच दिवशी बोटं निळी होतील आणि ते बाजूला पडेल.

आणि शेवटची विनंती मनमाडच्या टर्नरांना. आपल्याकडे रेल्वेचा पुलांचे गर्डर बनवणारा शंभर वर्षांहून जुना कारखाना आहे. लेथवर आयुष्य काढलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांतली कित्येक आता निवृत्त आहेत. शतांश मिलीमीटरचा हिशोब हातात मुरलेल्या माणसाला एबोनाइटचा दांडा कातणं अवघड नाही, पण वेगळं आहे. एबोनाइट तापलं की गंधकाचा उग्र वास सुटतो आणि भुगा उडतो, म्हणून तोंडाला मास्क हवा आणि खोलीला खिडकी हवी. हत्यार लोखंडापेक्षा लवकर बोथट होतं, त्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागते. नळीला आतून छिद्र पाडताना ड्रिल दर थोड्या वेळाने मागे घ्यायचं, नाहीतर दांडा आतून तापून फुगतो आणि माप चुकतं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून बारीकातल्या बारीक क्रमांकापर्यंत जायचं, आणि बफवर पेन टेकवायचं ते निमिषभरच. सगळ्यांत कठीण काम टोपणाच्या आट्यांचं. दीड-दोन फेऱ्यांत टोपण बसावं म्हणून मल्टी-स्टार्ट आटे पाडावे लागतात, आणि त्यांत चूक झाली तर दांडा फुकट जातो. ज्याला करून बघायचं असेल त्याने पहिले काही दांडे फक्त आट्यांवर खर्च करावेत. निब, जीभ आणि कन्व्हर्टर विकत मिळतात. आटे विकत मिळत नाहीत.